गिरधरभाऊंचं खाकरणं

गिरधरभाऊ पॅकिंग हॉलमध्ये शिरायच्या आधी दाराबाहेर थांबत आणि खाकरत. एकदा नाही, दोनदा. पहिलं खाकरणं आखूड, 'येतोय' असं सांगणारं. दुसरं लांबलचक, 'आलोच' असं. मग मनातल्या मनात पाचपर्यंत आकडे मोजत आणि आत पाऊल टाकत. आत सगळं कसं जिथल्या तिथं असे. छत्तीस बायका माना खाली घालून केळीच्या फण्या पुसतायत, तुरटीच्या पाण्याचे हौद भरलेले, खोकी ओळीत, आणि कुणाच्या तोंडून चकार शब्द नाही. ते पाहून भाऊंची छाती भरून येई. बावीस वर्षांत त्यांना या हॉलमध्ये एकदाही गोंधळ दिसला नव्हता. असा मॅनेजर अख्ख्या जळगाव जिल्ह्यात दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही, असं त्यांचं स्वतःबद्दल अगदी नम्र मत होतं.

आता ते हीच गोष्ट स्वतः सांगतात, तेव्हा बरोबर या जागी थांबतात. म्हणतात, "मांजरानं आपल्याच हातानं गळ्यात घंटा बांधून घेतली होती, अन् घरात उंदीर नाहीत म्हणून मिशीला पीळ देत होतं."

खाकरायची सवय त्यांनी कारखान्यात लावून घेतलेली नव्हती, ती घरातून आली होती. पॅकिंगच्या मुख्य बाई बेबाबाई या त्यांच्या धाकट्या भावाची, जीवरामची, बायको. आणि असोद्याच्या त्यांच्या घरात रीत अशी की जेठानं, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावानं, घरात शिरताना खाकरायचं, म्हणजे आतल्या बाईला पदर सावरायला सवड मिळते. तिनं जेठाशी बोलायचं नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही, त्यानं तिच्याकडे सरळ पाहायचं नाही. गावात सुना स्कूटीवरून जळगावला नोकरीला जायला लागल्या, सासऱ्यांना मोबाइल शिकवायला लागल्या, पण या दोघांमधली रीत सव्वीस वर्षांत तसूभर हलली नव्हती. पाळा असं कुणी सांगत नव्हतं. मोडायची कुणी आधी, एवढाच प्रश्न होता, आणि तो विचारायलासुद्धा बोलावं लागलं असतं.

तर कामावर या दोघांच्या मधे डिंपल असे. डिंपल कॉम्प्युटरवर खोक्यांची नोंद करणारी, बावीस-तेवीस वर्षांची चुणचुणीत मुलगी.

"डिंपल, त्यांना सांग, आज तीनशे खोकी झाली पाहिजेत," गिरधरभाऊ भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून म्हणत.

बेबाबाई चार हातांवर उभ्या असत. त्या डिंपलच्या खांद्याकडे पाहून म्हणत, "डिंपल, त्याईले सांग, व्हतीन तीनशे. पन तिसऱ्या हौदाचं पानी बदलाले पाहिजे, चीक बसू राह्यला केयांवर. अन् चिकटपट्टी कालच सरली. अन् दोन पोरी आज नही आल्या."

सुरुवातीला डिंपल निरोप जसाच्या तसा पोचवी. मग तिच्या ध्यानात आलं की दोघांनाही एकमेकांचं सगळं धडधडीत ऐकू येतंय आणि आपण नुसती जीभ झिजवतोय. तेव्हापासून तिनं निरोप आटवायला घेतले. बेबाबाईंचं पाच मिनिटांचं बोलणं आटत आटत "हो म्हणतात" एवढं उरे. आणि गिरधरभाऊ तेवढंच ऐकल्याचं धरत. आधीची पाच मिनिटं कानावर पडलेली असत खरी, पण ती काही त्यांना उद्देशून नव्हती. दुसऱ्याचं बोलणं चोरून ऐकणाऱ्यातले ते नव्हते.

मागच्या दिवाळीनंतर मालक प्रेमराजशेठ यांनी त्यांना धुळ्याला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. विषय होता 'कामाच्या ठिकाणी सुसंवाद'. शिकवायला नूतनमॅडम म्हणून होत्या. त्यांनी सगळ्यांना कोरा कागद दिला आणि सांगितलं, तुमच्या कामाच्या जागी संवादात कोणता अडथळा आहे ते लिहा. बाकीचे पेनं चावत बसले. गिरधरभाऊंनी पहिल्या मिनिटात लिहून टाकलं : 'आमच्याकडे अडथळा नाही. हॉलमध्ये पूर्ण शांतता असते.' मॅडमनी कागद वाचला, यांच्याकडे पाहिलं, पुन्हा कागद वाचला. भाऊंना वाटलं, भारावल्या.

तिथून त्यांनी एक प्रमाणपत्र आणलं आणि 'केबिनचं दार उघडं ठेवा' हा एक धडा आणला. प्रमाणपत्राला काच बसवली. दार उघडं ठेवलं. पण केळीच्या धंद्यात दार उघडं ठेवलं की माणसं येत नाहीत, चिलटं येतात. आठव्या दिवशी दाराला जाळी लागली आणि जाळीमागे भाऊ पूर्वीसारखेच एकटे दिसायला लागले.

फेब्रुवारीत खरी परीक्षा आली. आजवर या पॅकहाऊसमधला माल दिल्ली-पंजाबकडे जात होता. यंदा शेठनी पहिल्यांदा आखाती देशात पाठवायचा कंटेनर ठरवला. पंधराशे खोकी. शुक्रवारी खरेदीदाराचा एजंट मुंबईहून येऊन माल तपासणार, पसंत पडला तर दर पंधरवड्याला कंटेनर. शेठनी हे सांगताना आवाज चढवला नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "गिरधर, हा कंटेनर गेला तर पॅकहाऊस चालवू. परत आला तर कुलूप लावून जागा गोदामाला देतो. मला आता रोजची उस्तवार नको."

कुलूप म्हणजे छत्तीस बायकांचं काम गेलं, आणि बावीस वर्षांची भाऊंची खुर्चीही. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी पाचला शेठचा फोन येई, "काय परिस्थिती?" आणि गिरधरभाऊ बावीस वर्षं देत आले होते तेच उत्तर देत : "सगळं ठीक, शेठ."

पण नुसतं ठीक असून भागत नाही, ते दिसलंही पाहिजे, असं त्यांच्या मनानं घेतलं. दोन नंबरच्या कोल्डरूममध्ये तापमान मोजणारी डबी पार मागच्या भिंतीला होती. एजंटला आकडा पाहायला थंडीत आत जावं लागेल, बरं दिसत नाही. म्हणून सोमवारी सकाळी त्यांनी ती डबी, तिच्या वायरीच्या शेपटीसकट, काढून दाराजवळ काचेमागे बसवायला लावली. बाहेर उभं राहून आकडा दिसे : साडेतेरा. केळीला हवं तेवढंच. भाऊ येता-जाता त्या आकड्याकडे पाहत आणि त्यांना घरच्या देवाला पाहिल्यासारखं वाटे.

कोल्डरूमचं मशीन बघायला पितांबर होता, साक्रीकडचा. डबी हलवताना तो जरा डोकं खाजवत उभा राहिला होता. भाऊंनी विचारलं, "काय रे, जमेल ना?"

"बठ्ठं बराबर शे, भाऊ," पितांबर म्हणाला. म्हणजे सगळं ठीक.

माणसाला जे ऐकायचं असतं तेच समोरचा बोलला की तो समोरचा फार हुशार वाटतो. भाऊंनी पितांबरच्या पाठीवर थाप मारली.

मंगळवारी रात्री वावरात वांग्याच्या भरिताची पार्टी होती. यजमान जवळचे. गिरधरभाऊंनी तिखटजाळ भरीत चापलं, वर बर्फ घातलेलं ताक दोन तांबे प्यायले, आणि सगळ्यांना बसवून 'ऐकण्याचं महत्त्व' या विषयावर पाऊण तास मोठ्यानं भाषण दिलं. बुधवारी सकाळी उठले तर घशातून हवा येत होती, आवाज नव्हता. डॉक्टरांनी घशात टॉर्च मारली आणि सांगितलं, "तीन दिवस एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचं नाही. आणि ते खाकरणं तर अजिबात नाही. घशाची सालटी निघालीयेत खाकरून खाकरून. मफलर बांधा आणि घरी पडा."

घरी पडतील तर ते गिरधरभाऊ कसले. बुधवार तेवढा कसाबसा काढला. डोक्याला-गळ्याला तपकिरी मफलर गुंडाळून गुरुवारी सकाळी ते पॅकहाऊसवर हजर झाले. उद्या एजंट यायचा होता. हॉलच्या दाराशी आले, सवयीनं थांबले, छाती फुगवली, आणि डॉक्टरांची आठवण झाली. आता काय करावं? टाळी वाजवावी तर बरं दिसत नाही. दार वाजवावं तर आपल्याच कारखान्याचं दार आपण वाजवायचं? पाचपर्यंत आकडे तेवढे मोजले आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा ते न सांगता आत गेले.

दाराच्या आत रिकाम्या क्रेटची माणूसभर उंच थप्पी होती. तिच्यामागेच त्यांचे पाय थबकले. आत बाजार भरल्यासारखा आवाज होता. बायका बोलत होत्या, हसत होत्या, एक तर चक्क गात होती. आणि त्या सगळ्यांत मधोमध एक बाई खांद्यावर पुसायचं फडकं मफलरसारखं टाकून, पोट पुढं काढून उभी होती. तिनं खाकरलं. आधी आखूड. मग लांबलचक. बाकीच्या बायका एकदम ताठ झाल्या, माना खाली घातल्या, केळी पुसायला लागल्या, आणि मग सगळ्यांच्या हसण्याचा एकदमच फटाका फुटला.

गिरधरभाऊंना पहिल्यांदा राग आला नाही, नवल वाटलं. दोन खाकरण्यांमधला वेळसुद्धा तंतोतंत होता. इतकं चांगलं तर आपण स्वतः खाकरत नाही. मग त्या बाईनं तोंड वळवलं. त्या बेबाबाई होत्या.

हा आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. सव्वीस वर्षं एका भिंतीआड राहून त्यांना बेबाबाईंचा फक्त पदराआडचा, अर्धा गिळलेला आवाज ठाऊक होता. हा आवाज खणखणीत होता, हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला पोचणारा. आपल्या घरात असा आवाज राहतो आणि आपल्याला पत्ता नाही, याची भाऊंना त्या क्रेटमागे खरोखर लाज वाटली.

"बेबाअक्का, हसनं जाऊ द्या," एक बाई म्हणाली. "दोन नंबरचं काय करता? सांगा ना त्याईले."

बेबाबाईंनी खांद्यावरचं फडकं काढलं. हसणं गेलं.

"किती डाव सांगू? सोमवारी डिंपलले सांगितलं. मंगयवारी खांबाले सांगितलं, थे खांबाच्या पल्याडच उभे व्हते. काल थे आलेच नही, तं कोल्डच्या दाराले सांगितलं. घरी यांनाही सांगितलं, तं हे म्हने, दादाले कोन सांगीन? खांबाले कान फुटतीन, पन आपलं कोनी ऐकनार नही. उद्या थो एजंट यीन, मागच्या रांगेतलं केयं कापीन, अन् शेठ कुलूप लावीन. मंग आपन छत्तीस जनी जाऊ दुसऱ्याच्या वावरात निंदाले."

गिरधरभाऊंना मंगळवार आठवला. खांब आठवला. खांबापलीकडून आलेलं वाक्यही आठवलं : 'दोन नंबरची केयं धुरकट दिसू राह्यली, बाई.' ते स्वच्छ ऐकू आलं होतं. आणि बायका खांबाशी काय बोलतात त्यात आपण कशाला पडा, असं म्हणून आपण घड्याळ पाहत निघून गेलो होतो. धुळ्याला दोन दिवस ऐकायचं शिकून आलेला माणूस! भाऊंनी मनात स्वतःला एक शिवी दिली. ती इथं सांगण्यासारखी नाही.

आता इथून हळूच मागं सरकावं की पुढं जावं, हा प्रश्न होता. पुढं जावं तर बेबाबाईंची अब्रू जाते, त्यांनी जेठाची नक्कल जेठासमोर केली असं होतं. मागं जावं तर उद्या कुलूप लागतं. भाऊ एक पाय पुढं आणि एक मागं असे अडकले असताना मागून पितांबरचा खडा आवाज आला.

"गिरधरभाऊ! तुम्ही आठे उभा राहीसन काय करी राहिनात? डॉक्टरनी तुम्हले घर बसाले सांगेल शे ना?"

हॉल एका क्षणात गार झाला. पदर सरसर डोक्यावर गेले. बेबाबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, आणि त्यांची पाठ पाहूनसुद्धा कळत होतं की त्यांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालंय. नेहमीचं चित्र पुन्हा तयार झालं. शिस्त, शांतता, सगळं ठीक. फक्त आता गिरधरभाऊंना त्या चित्राच्या मागचं दिसलं होतं.

ते पुढं आले. बोलायला तोंड उघडलं, नुसती हवा आली. डिंपलकडे पाहिलं. डिंपल म्हणाली, "काय सांगू त्यांना, भाऊ?" पण सांगायचं काही नव्हतंच, ऐकायचं होतं. आणि ऐकायचं आहे हे न बोलता सांगायचं कसं, हे प्रमाणपत्रात कुठं लिहिलेलं नव्हतं.

मग त्यांनी जे केलं ते आजही गावात कुणी सांगितलं की ते स्वतःच आधी हसतात. त्यांनी एक क्रेट उपडं घातलं, त्यावर बसले, बेबाबाईंकडे पाठ केली, आणि डोक्याचा मफलर दोन्ही हातांनी पुढं ओढून पार नाकाच्या शेंड्यापर्यंत आणला. नव्या सुनेसारखे, खाली मान घालून, गप्प.

 मग एक बाई फुसकन हसली आणि तिनं तोंडात पदर कोंबला. दुसरी हसली. पितांबर म्हणाला, "यास्ले काय व्हयनं?" मफलरच्या आत गिरधरभाऊंना अंधार, लोकरीचा वास आणि स्वतःच्या श्वासाचा आवाज, एवढंच होतं. छत्तीस माणसं आपल्याकडे पाहतायत आणि आपल्याला काही दिसत नाही, बोलता येत नाही. बेबाबाई सव्वीस वर्षं अशाच बसल्या होत्या, हे त्यांना तेव्हा कळलं. प्रशिक्षणात कळलं असतं तर बरं झालं असतं, पण तिथं मफलर नव्हता.

मागून पावलं वाजली. थांबली. मग तो खणखणीत आवाज, जरासा कापत, पण सरळ त्यांच्या पाठीशी बोलला.

"भाऊ."

सव्वीस वर्षांतला पहिला शब्द. भाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. मफलर होता म्हणून निभावलं.

"भाऊ, दोन नंबरच्या खोलीत मागं लई गारठा झाला. थो आकडा खोटा बोलू राह्यला. हे पहा." खांद्यावरून एक हात पुढं आला. हातात कच्चं केळं होतं आणि त्याच्या सालीचा पातळ काप काढलेला. भाऊंनी मफलर बोटभर वर केला. सालीखाली तपकिरी रेघा होत्या. "हे मागच्या रांगेतलं. चीक पाहा, पान्यासारखा आला, दुधासारखा नही. गारठलेलं केयं हे. पिकलं का कायं पडीन. पोराले ताप आहे का पाहाचा तं हात पोराच्या कपायाले लावता, दाराच्या चौकटीले नही. ती डबी दाराजवय. दार उघडलं का बाहेरची गरम हवा तिले लागते, तिले वाटते उकडू राह्यलं, मशीन अजून गार करते. अन् मागचा माल मरते."

 मग जरा आवाज चढला. "इतकी वर्सं डबी मागं व्हती. तिले दाराजवय आनली कोनं?"

 पितांबर छताकडे पाहायला लागला. डिंपल कॉम्प्युटरमध्ये शिरली. सगळ्यांना ठाऊक होतं, बेबाबाईंनाही, आणि भाऊंना तर होतंच. गिरधरभाऊंनी मफलरच्या आतून, शाळेत गृहपाठ न केलेल्या पोरासारखा, उजवा हात वर केला.

या वेळी हसणं कुणी पदरात कोंबलं नाही.

पुढच्या तासाभरात डबी परत मागच्या भिंतीला गेली. तिथं गेल्यावर तिनं साडेदहा दाखवले. पितांबर कान धरून म्हणाला, "माले शंका व्हती, भाऊ. पन तुम्ही सांगं, म्हणजे बराबरच व्हई, अशे वाटनं." त्याला काय बोलणार? 'सगळं ठीक' हे आपलंच उत्तर त्यानं आपल्याला दिलं होतं. बेबाबाईंनी दिवसभर मागच्या रांगांमधली एकेक फणी पाहिली, आणि दोनशे चाळीस खोकी बाजूला काढायला लावली.

दोनशे चाळीस खोकी उद्यापर्यंत नव्यानं भरणं शक्य नव्हतं. झाडावरून घड उतरवायचे, धुवायचे, भरायचे, गार करायचे, चार दिवसांचं काम. आणि पाच वाजत आले होते. शेठचा फोन आता येणार.

भाऊ टेबलावरच्या फोनकडे सापाकडे पाहावं तसं पाहत होते. घसा धड असता, तर त्यांनी काय केलं असतं? 'सगळं ठीक, शेठ.' हे उत्तर त्यांना आतून इतकं पाठ होतं की आवाज नसतानाही ओठ तसे हलले. आपण बायकांना बोलू देत नव्हतो हे खरं, पण शेठपुढं आपलाही पदर नाकापर्यंतच होता की.

डिंपल म्हणाली, "मी सांगते शेठना." भाऊंनी मान इतक्या जोरात हलवली की मफलर सुटला. डिंपलनं सांगितलं असतं तर दोनशे चाळीस खोकी आटून 'थोडं पाहावं लागेल' एवढी झाली असती. त्यांनी एका खोक्याचं झाकण घेतलं, त्यावर जाड पेननं लिहिलं, आणि ते बेबाबाईंच्या पुढं धरलं. फोन वाजला. डिंपलनं स्पीकर चालू केला.

"काय परिस्थिती?"

"शेठ, मी बेबाबाई बोलते. पॅकिंगची." पदर डोक्यावर होता, पण आवाज तोच सकाळचा. "त्याईचा घसा बसला. थे समोरच हायेत." मग झाकणाकडे पाहत, एकही शब्द न गिळता, त्यांनी सांगून टाकलं. दोनशे चाळीस खोकी गारठली. डबी जागची हलवली म्हणून. उद्या माल दाखवला तर परत जाईल. सोमवारपर्यंत वेळ मिळाला तर पुरा करू.

 मग शेठ म्हणाले, "डबी कुणाच्या अकलेनं हलवली?"

बेबाबाईंनी झाकण पाहिलं. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, 'चूक माझी.' त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. हे तसंच वाचावं तर चूक बेबाबाईंच्या गळ्यात पडते. भाऊंच्याही ते लक्षात आलं. त्यांनी झाकण ओढून घेतलं, घाईघाईनं खोडलं आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'चूक गिरधरची.' आणि परत पुढं धरलं. बेबाबाईंनी ते वाचलं आणि मान खाली घातली.

"कोण, म्हणतोय मी. नाव सांगा."

"मले नाव घेता येत नही, शेठ."

"का? कुणाला घाबरता?"

"घाबरत नही. नात्यानं घेता येत नही."

प्रेमराजशेठ जळगावात बंगल्यात राहत असले तरी जन्म याच मातीतला होता. या बाईला नात्यानं ज्यांची नावं घेता येत नाहीत असे पुरुष जगात दोन-तीन, आणि त्यांतला पॅकहाऊसवर कामाला एकच. फोनमधून आधी एक चमत्कारिक आवाज आला. मग कळलं की शेठ हसतायत.

हसणं थांबल्यावर ते म्हणाले, "बेबाबाई, बावीस वर्षांत त्या माणसानं मला 'सगळं ठीक' याशिवाय दुसरं अक्षर सांगितलं नाही. आज पहिल्यांदा कुणीतरी खरं सांगितलं. एजंटला मी सोमवारचं सांगतो. पण सोमवारी पुन्हा असं निघालं, तर कुलूप. त्यांना सांगा."

बेबाबाईंनी डिंपलकडे पाहिलं नाही. सरळ भाऊंकडे वळून म्हणाल्या, "भाऊ, ऐकलं ना?"

भाऊंनी मान हलवली.

सोमवारी एजंट आला. त्यानं मुद्दाम पार मागच्या रांगेतलं खोकं काढायला लावलं, केळं मोडलं, आणि पांढराशुभ्र चीक टपकन त्याच्या बुटावर पडला. त्यानं कागदावर सही केली. कंटेनर गेला. गिरधरभाऊंना घसा उघडल्यावर शेठनी केबिनमध्ये बोलावून जे सुनावलं ते त्यांनी अथपासून इतिपर्यंत ऐकून घेतलं, मधे एकदाही 'ठीक' म्हणाले नाहीत.

आता ते हॉलमध्ये जाताना खाकरत नाहीत. सवय मोडायला महिना लागला. दोन-तीनदा दाराशी खोकला नुसता गिळला, आणि बायकांना वाटलं भाऊंना उचक्या लागल्या. आत गेलं की गोंधळ असतो. हौदाचं पाणी गढूळ असतं, कुणी भांडत असतं, कुणी हसत असतं, आणि आठ-दहा तक्रारी एकदम अंगावर येतात. भाऊ म्हणतात, बावीस वर्षं शांततेत गेली ती बरी होती, झोप तरी लागायची. डिंपलला आता निरोप द्यायचं काम नाही, त्यामुळं तिच्या नोंदी वेळेवर होतात.

खाकरणं मात्र पॅकहाऊसमधून गेलेलं नाही. रोज साडेचारच्या सुमाराला, शेठच्या फोनच्या आधी, केबिनच्या जाळीबाहेर कुणीतरी खाकरतं. आधी आखूड, मग लांबलचक, मधलं अंतर तंतोतंत. आत गिरधरभाऊ घाईघाईनं टेबलावरचे पाय खाली घेतात, शर्टाचं बटण लावतात, समोरचा चहा सरकवून ठेवतात आणि ताठ बसतात.

मग बेबाबाई आत येतात.